दोन विद्या, एक वस्तू

नेरूळमधील एका घरी रविवारी दुपारी पाचसहा महाविद्यालयीन मुले वीस बाजूंचा फासा घेऊन बसतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची 2000 सालची आवृत्ती ती खेळतात. एकदा मी तेथे असताना वाद झाला. एका मुलाच्या पात्राने जादूगाराच्या सहा आणि पुरोहिताच्या सहा पायऱ्या चढल्या होत्या, आणि आता त्याला एक अंगठी मंतरायची होती. खेळ चालवणाऱ्याने नकार दिला. अंगठीला बारावी पायरी लागते, आणि सहा अधिक सहा येथे बारा होत नाहीत, असे त्याचे म्हणणे. वाद नियमाचा होता. मला मात्र तो वाङ्मयाचा वाटला. वस्तूत सामर्थ्य घालण्याचा अधिकार कोणाचा, एका विद्येत खोल गेलेल्याचा की दोन विद्या जाणणाऱ्याचा, असा तो प्रश्न होता. या प्रश्नाला त्या खेळानेच वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत 1974 साली प्रसिद्ध झाला. खेळाडू एक पात्र घेतो, त्या पात्राचा एक वर्ग असतो, योद्धा, जादूगार वा पुरोहित, आणि अनुभवाबरोबर पात्र पायऱ्या चढते. त्या पहिल्या नियमांत जादूच्या वस्तू घडवण्याचा अधिकार अकराव्या पायरीच्या जादूगारापासून पुढे होता. एल्फ जातीच्या पात्राला योद्धा आणि जादूगार असे दोन्ही होता येई. पण जादूगार म्हणून त्याची मर्यादा आठवी पायरी. म्हणजे एल्फाला वस्तू मंतरता येणार नाही. गंमत अशी की त्याच पुस्तकांतील जादूच्या वस्तूंच्या यादीत 'एल्फांचा झगा' आणि 'एल्फांचे बूट' आहेत. हे झगे टॉल्किनच्या 1954 च्या कादंबरीतून आलेले. तेथे झग्यांत जादू आहे का असे विचारल्यावर एल्फाला प्रश्नच नीट कळत नाही, कारण त्याच्या लेखी ते केवळ उत्तम विणकाम असते. कथेने ज्याला कारागीर मानले, त्यालाच नियमाने कारखान्याबाहेर उभे केले. 1978 च्या नियमांत एल्फाची मर्यादा अकरापर्यंत गेली. पण वस्तू मंतरण्याचा मंत्र सहाव्या श्रेणीचा, आणि ती श्रेणी बाराव्या पायरीवर खुली होई. एका पायरीने हुकले! गायगॅक्सला माणूस केंद्रस्थानी असलेले विश्व हवे होते. दोन विद्या एकत्र शिकण्याची सवलत एल्फाला दिली, तर तिची किंमतही त्याच्याकडून वसूल करणे त्याला आवश्यक वाटले.

2000 च्या आवृत्तीने जातीची ही मर्यादा काढून टाकली. किंमत मात्र राहिली, आणि आता ती सर्वांनाच लागू झाली. प्रत्येक विद्येची पायरी स्वतंत्र मोजायची, बेरीज नाही. शस्त्र मंतरायला पाचवी पायरी, दंडाला नववी, अंगठीला बारावी. शिवाय वस्तूच्या मूल्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतके अनुभवगुण कर्त्याने स्वतःच्या खात्यातून द्यायचे. या नियमात मला मोठी वाङ्मयीन समज दिसते. वस्तूत जे उतरते ते कर्त्याच्या आयुष्यातून वजा होते, हे कोणत्याही लेखकाला पटावे. दुसरी एक सवलतही होती. आवश्यक मंत्र कर्त्याला येत नसेल, तर तो जाणणाऱ्या सोबत्याने तो पुरवावा. विद्या एका देहात मिळवण्यापेक्षा दोन माणसांनी मिळून काम करावे, असा तिचा कल.

दोन विद्या एका देहात आल्या म्हणजे त्यांची बेरीज होतेच असे नाही, हे आपल्याकडे अश्वत्थाम्याने दाखवून दिले आहे. जन्माने ब्राह्मण, वृत्तीने योद्धा. सौप्तिकपर्वात तो गवताची काडी अभिमंत्रित करतो आणि तिचे ब्रह्मशिर अस्त्र होते. तेच अस्त्र अर्जुनही सोडतो. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही. काडी मंतरण्यापुरती विद्या त्याच्याकडे होती, ती परत घेण्यापुरती साधना नव्हती.

मराठी परंपरेत याच्या उलट साक्षही आहे. मालू नरहरीच्या 'नवनाथ भक्तिसार' या शके 1741 च्या ओवीग्रंथात गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करीत बसला आहे. गावची मुले चिखलाची गाडी करतात आणि गाडीवान करून दे म्हणतात. ओठांवर मंत्र, हातांत चिखल. बाहुला सजीव होतो आणि मुले भिऊन पळतात. तोच पुढे गहिनीनाथ. येथे पायरीची अट नाही. मंत्र घोकणारा शिष्य आणि मुलांसाठी बाहुला घडवणारा गडी एकाच क्षणी एकत्र आले, एवढेच. किंमत येथेही आहे, पण ती आधी भरायची नाही. मंतरलेले मूल एका दांपत्याच्या हाती सोपवून वाढवावे लागते.

2014 च्या आवृत्तीत खेळानेच बाजू बदलली. मंत्र टाकू शकणाऱ्या पात्राच्या एकूण पायऱ्या मोजाव्यात, विद्यांची विभागणी पाहू नये, असे ठरले. वस्तूचा मंत्र येणे मात्र आवश्यक राहिले. सहा आणि सहा अखेर बारा झाले. अनुभवगुण गेले, त्यांच्या जागी द्रव्य आणि काळ आला. रोज 25 सुवर्णनाण्यांइतके काम होते, आणि सर्वांत दुर्मीळ वस्तूचा खर्च 5,00,000 नाणी. म्हणजे एकट्याचे 20,000 दिवस, जवळजवळ 55 वर्षे. माणसाचे अवघे आयुष्य त्यात जाईल. साडेसातशे वर्षे जगणाऱ्या एल्फाला मात्र ते सहज परवडेल. 1974 मध्ये ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याला 40 वर्षांनी, कोणी मुद्दाम ठरवले नसतानाही, आपला झगा परत मिळाला.

नेरूळच्या त्या मुलाला हे सारे मी सांगितले नाही. त्याने शेवटी बारा पायऱ्यांची एक वृद्ध जादूगारीण शोधली आणि तिला लागणारा पुरोहिताचा मंत्र आपण पुरवला. अंगठी तिने घडवली, अनुभवगुणही तिचेच गेले. ती अंगठी कोणाची म्हणायची, यावर पुढच्या रविवारी पुन्हा वाद झाला. तो मिटला नाही, हे बरेच झाले. दोन भाषांत वा दोन शास्त्रांत वावरणाऱ्या प्रत्येक लेखकापुढे आणि अनुवादकापुढे हाच प्रश्न असतो, आणि तेथे निकाल द्यायला नियमांचे पुस्तकही नसते.