बिरड्याचा सण

अलिबागच्या इस्रायल आळीत वर्षातून एकदा असा सण यायचा, की त्या दिवशी कुणाला शुभेच्छा द्यायच्या नसत. आषाढ-श्रावणाच्या सुमाराला येणारा हा बिरड्याचा सण. आमच्या शेजारच्या मावशी आदल्या रात्री बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसायच्या. मटण-मासळी बंद, अंगावर साधं लुगडं, आवाज खाली. मी सात-आठ वर्षांची असेन. सण म्हटल्यावर मी नाचतच निघाले, तर आईनं हात धरला. म्हणाली, "आज त्यांचा दुखवटा आहे. जाऊन बस, पण हसू-खिदळू नकोस."

जेरुसलेमचं मंदिर एकदा बाबिलोन्यांनी आणि एकदा रोमनांनी उद्ध्वस्त केलं. ज्यू लोक दोन्हींचा शोक त्यांच्या आव महिन्याच्या नवमीला पाळतात; तोच हा बिरड्याचा सण. आईला जेरुसलेम नकाशावर दाखवता आलं नसतं. पण शेजारघरी कोणता सण आनंदाचा आणि कोणता दुःखाचा, हे तिला चोख ठाऊक होतं. तिला ते कळलं होतं नावांमुळे. त्या नावांचा इतिहास सांगावा, असं बरीच वर्षं मनात होतं.

मावशींच्या समाजाची, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनिवारी बंद ठेवत म्हणून शनिवार तेली. मला या नावाचं फार मोल वाटतं. मराठीत नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं. इथे गावानं नुसतं नाव दिलं. तुमचा विसाव्याचा वार वेगळा, एवढं ओळखलं आणि शनिवारी तेल मागायला कुणी गेलं नाही.

हिब्रू पोथ्या हाती राहिल्या नव्हत्या. उरलं होतं ते शमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा शब्बाथ, खवले नसलेली मासळी न खाणं आणि काही सण. त्या सणांना त्यांनी मराठी नावं दिली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ती नोंदवली आहेत. हा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. वर्षारंभ तो नव्याचा सण. मग खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून दिवसभर उपास, म्हणून तो दारफाळणीचा सण, आणि दुसरा दिवस शिळा सण. वल्हांडणात आंबवलेलं काही चालत नाही. कारण विस्मरणात गेलं, तरी आंबटाचं भांडं झाकून ठेवायची रीत टिकली. तो अनशी ढाकाचा सण. फाल्गुनातला पुरीम म्हणजे होळीचा सण. वर्ष सरताना एलूल महिन्यात धरायच्या उपासांना तर ते रमजान म्हणत. आणि एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, व्हायचा तो ऊरूस.

एकाच घराच्या वर्षात होळी, रमजान आणि ऊरूस! शेजाऱ्याला आपला सण समजावा म्हणून त्याच्याच सणाचा शब्द घ्यावा, इतकी साधी सोय ती. तिला आकाशाचाही आधार होता. ज्यू पंचांग चंद्रावर चालतं आणि एकोणीस वर्षांत सात महिने जास्तीचे घालून ऋतूंशी मेळ राखतं. आपले अधिक मासही साधारण त्याच हिशेबानं येतात. म्हणून पुरीम आणि होळी बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेच्या आसपास पडतात, आणि नव्याचा सण येतो तेव्हा कोकणात हळवं भात तयार होत असतं.

इमारतींचंही तेच झालं. सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत १७९६ मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, उभारलं, त्याला लोक मशीद म्हणत. मशीद बंदराचं नाव त्यावरूनच आलं, असं बेने इस्रायली सांगत आले आहेत. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं सिनेगॉग लोकांच्या तोंडी लाल देऊळ झालं. देवाचं घर आहे म्हटल्यावर लोकांनी ओळखीचाच शब्द दिला.

पुढे शिक्षण आलं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, कोचीनचे ज्यू शिक्षक मुंबईत आले, आणि नव्याच्या सणाला रोश हशाना, बिरड्याच्या सणाला तिशा बआव म्हणू लागले. विसरलेला धर्म त्यांना परत मिळाला, याचा मला आनंदच आहे. तरी मराठी सुटली नाही. पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीच्या, चित्रांत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. १८८० मध्ये बेने इस्रायलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अब्राहम, योसेफ यांची आख्यानं ओव्या-साक्यांतून रंगू लागली.

माझ्या लहानपणी आळी रिकामी होत चालली होती. इस्रायल देश १९४८ मध्ये झाल्यापासून एकेक घर निघत होतं. मावशींचंही निघालं. जाण्याआधी त्यांनी एलियाहू हन्नबीचा मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. आमच्या वाट्याचं ताट घेऊन त्यांची लेक, माझी मैत्रीण, आली होती. ती आता अश्दोदला असते.

तिच्याशी फोनवर बोलणं होतं, निरोप जातात-येतात. काही वर्षांपूर्वी एका यादीत तिशा बआव हे नाव दिसलं. ज्यूंचा काही सण असेल, असं समजून मी लगेच फुलांचं चित्र आणि सणाच्या शुभेच्छा पाठवल्या. संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. रात्री आलं. तीनच शब्द होते : "अगं, आज बिरडं."

मला त्या क्षणी आईचा हात मनगटावर जाणवला. फोन लावला, माफी मागितली. ती म्हणाली, "जुनं नाव सांगितल्यावर तुला कळलं ना, मग झालं." आम्ही थोडा वेळ नुसत्याच गप्प बसलो.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी मी वाल भिजवते, सोलते, बिरडं करते. तिला काहीही पाठवत नाही. पावणेदोन महिन्यांनी भात कापणीला आलं की मात्र पहिला निरोप माझा असतो : नव्याचा सण आला, खीर केलीस का?