रजिस्टरात न उतरलेलं बोलणं

गटाच्या मिटिंगचं रजिस्टर आपण सगळ्याच लिहितो. "कर्जावर चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर." झालं! आमच्या एका बैठकीत एका ताईंना विचारलं, पंधरा हजार घेता का? त्या जरा थांबल्या, पदर सावरला, मग म्हणाल्या, "घेईन की... बघू." आम्ही होकार लिहिला. त्यांना कर्ज नकोच होतं, हे हप्ते फेडायला शेळी विकली तेव्हा कळलं.

हे थांबणं कागदावर आणलं एका टायपिस्ट बाईंनी. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये १९६३-६४ च्या सुमारास, जीव द्यायच्या विचारात असलेली माणसं जिथे फोन करत त्या केंद्रातल्या फोनची रेकॉर्डिंग हार्वी सॅक्स हे अभ्यासक ऐकत होते. साधं बोलणं कसं चालतं, कोण कधी बोलतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्याच शहरात गेल जेफरसन विद्यापीठात टेप ऐकून टाइप करायचं काम करत. पुढे त्या सॅक्स यांच्या वर्गात आल्या. किती थांबले, कुणी मध्येच बोललं, श्वास कुठे घेतला, हसू कुठे आलं, सगळ्याला त्यांनी खुणा ठरवल्या. जगभर आज त्याच खुणा वापरतात.

आपल्याकडेही बायांचा आवाज टिपला गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्यासोबत मुळशी-मावळातल्या बायांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, लाखावर ओव्या! गोळा करणाऱ्या गावातल्याच, म्हणून गाणारी मोकळी झाली. पण ती ओवी. रोजच्या बोलण्याचं असं काम आमच्या तरी पाहण्यात नाही.

२००९ साली दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास छापून आला. जपानी, डॅनिश, लाओ अशा भाषा होत्या. प्रत्येकीसाठी ती भाषा जाणणारा माणूस, पद्धत मात्र सगळ्यांची एकच. उत्तर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात येतं, आणि दहाही भाषांत 'हो' लवकर येतं, 'नाही' उशिरा. त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती. मराठीची बोलणी लिहायची तर अकोल्याची बोली अकोल्याच्या बाईनं ऐकायला हवी, जामखेडची जामखेडच्या. पुण्याहून आलेल्या पाहुण्यासमोर आपण बोलतोच वेगळं, खरं की नाही? आणि रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून.

आम्ही सुरुवात रजिस्टरापासून केली. मागच्या महिन्यात त्याच ताईंचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं: "घेईन की (थांबल्या)... पुढच्या बारीला." या वेळी रक्कम त्यांच्या नावावर टाकली नाही. आधी घरी जाऊन विचारलं.