संगीतोपचाराचं शिक्षण : छावणीपासून वस्तीपर्यंत

आपली कामठी वसली ती लष्करामुळे. कन्हान नदीच्या काठी १८२१ साली इंग्रजांनी इथं छावणी उभारली. आजही गार्ड्स रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र इथंच आहे. छावणी म्हटली की बँड आलाच. शिपायांचे पाय एका तालात पडावेत म्हणून तो वाजतो. पण लढाईत शरीरानं आणि मनानं मोडलेल्या शिपायाला सावरायलाही संगीत लागतं, हे जगाला महायुद्धांत दिसलं. त्यातून संगीतोपचारक हा व्यवसाय उभा राहिला. त्याची गोष्ट सांगायची, कारण ती उभी करणाऱ्यांत बाया बऱ्याच होत्या.

पियानो वाजवणाऱ्या मार्गारेट अँडरटन यांनी पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या जखमी सैनिकांसाठी काम केलं होतं. १९१९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हा विषय शिकवला. आयसा मॉड इल्सन या परिचारिका. त्यांनी १९२६ मध्ये रुग्णालयांतल्या संगीतासाठी अमेरिकेत संस्था काढली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सैनिकी रुग्णालयांत पुष्कळ कलाकार गायला-वाजवायला जात. पण नुसता गोड गळा पुरत नाही. गाणं ऐकता ऐकता एखादा रडू लागला, चिडला, गप्प झाला, तर पुढं काय करायचं? त्यासाठी शिक्षण हवं. १९४४ मध्ये मिशिगनमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये या लोकांची राष्ट्रीय संघटना झाली. इंग्लंडमध्ये ज्युलिएट अल्व्हिन या सेलोवादक बाईंनी १९५८ साली संस्था काढली आणि १९६८ मध्ये लंडनला प्रशिक्षण सुरू केलं.

हे शिक्षण वर्गात बसून पुरं होत नाही. अमेरिकेत आज १२०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, तेही अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली. पूर्वी हे काम मुख्यतः रुग्णालयांत चाले. पुढे नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी विचारलं, की बरा झालेला माणूस घरी जाऊन एकटाच पडला तर काय उपयोग? म्हणून काम वस्तीत, शाळेत, वृद्धांच्या बैठकीत नेलं. आपल्या देशात दिल्लीची ‘म्युझिक थेरपी ट्रस्ट’ ही संस्था २००५ पासून या क्षेत्रात आहे.

वस्तीत शिकायचं म्हणजे काय, याचा एक धडा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते उपचाराचं काम नव्हतं. पण जे दुःख बाई कुणाला सांगत नाही ते ती जात्याला सांगते, हे त्या ओव्यांतून कळतं. ते कळायला आधी गावात जाऊन बसावं लागतं, ऐकावं लागतं.

समजा, कामठीतल्या एखाद्या मुलीनं हे शिक्षण घेतलं आणि तिला वस्तीत काम मिळालं. एका आजीला विसर पडतो. मुलगी आपल्या आवडीचं गाणं लावणार नाही. ती विचारेल, ‘आजी, तुमच्या लहानपणी भुलाबाई बसायची ना?’ टिपऱ्या हातात देईल. आजीला किती ओळी आठवल्या, किती वेळ बसल्या, नंतर घरच्यांशी बोलल्या का, हे वहीत लिहील. पुढच्या वेळी काय बदलायचं ते मार्गदर्शकाला विचारून ठरवेल. आणि आजीच्या घरातलं बोलणं दुसऱ्या गल्लीत नेणार नाही. आपल्या भजनी मंडळात आणि तिच्या कामात फरक आहे तो हाच. आपण गातो, मन हलकं होतं, ते चांगलंच आहे. तिचं काम मात्र एका माणसासाठी ठरवून, मोजून, जबाबदारीनं केलेलं असतं.

म्हणून जपा. अमुक राग ऐका आणि बीपीच्या गोळ्या बंद करा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. संगीतोपचार औषधाच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही. बाळंतपणानंतर एखादी सून गप्प झाली, ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाली, तर गाण्याची वाट पाहू नका. तिला दवाखान्यात न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक गटाच्या वहीवर लिहून ठेवा.

कुणी स्वतःला संगीतोपचारक म्हणवलं तर तीन गोष्टी विचारा : कुठं शिकलात, किती तास माणसांबरोबर काम केलंत, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं?

आणि आपल्या गटातली एखादी पोर चांगली गात असेल, माणसांत रमत असेल, तर तिला सांगा की हे शिकता येतं आणि याचा मेहनताना मागता येतो. बायांचं गाणं आजवर फुकटच धरलं गेलं. आपल्या लेकीबाळींच्या वेळी तसं होऊ देऊ नका.