मास्तरांच्या नोकरीला कायदा कसा मिळाला

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा पोखरण रस्त्याचा सगळा पट्टा कारखान्यांच्या पाळ्यांवर चालत होता. रेमंडची गिरणी 1925 पासूनची, पलीकडे कॅडबरी. या कारखान्यांतल्या माणसाला नोकरीवरून काढले, तर त्याच्या हाती कायदा होता. गिरण्यांसाठी 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणि इतर कारखान्यांसाठी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा. युनियनचा माणूस कामगार न्यायालयाची पायरी चढू शकत असे. त्याच कामगाराच्या मुलाला खासगी शाळेत गणित शिकवणाऱ्या मास्तरांना मात्र ही पायरी नव्हती.

पुढे सर्वोच्च न्यायालयानेच तसे स्पष्ट सांगितले. गोव्यात करंझाळे येथील एका शाळेने 1975 मध्ये एका शिक्षिकेला नोकरीवरून कमी केले. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. तेरा वर्षांनी, 1988 मध्ये, निकाल लागला तो असा की शिक्षकाचे काम ना अंगमेहनतीचे, ना कारकुनी, ना देखरेखीचे. म्हणून शिक्षक त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. शिक्षकांना सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही आणि त्यांच्यासाठी विधिमंडळांनी वेगळी यंत्रणा उभारावी, असेही न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात ती यंत्रणा तोवर सुरू झाली होती. शिक्षक संघटनांच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे, पण मोर्चे आणि संपांच्या आठवणींत ते बहुतेक वेळा झाकले जाते.

शिक्षकाच्या पगाराची सार्वजनिक मागणी संघटनांहून जुनी आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाला महिना किमान 12 रुपये आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये मिळावेत असे मांडले. गावात शिक्षकाचा मान वाढावा म्हणून त्याच्याकडे हिशेबतपासणी, दस्तनोंदणी, टपाल अशी कामेही द्यावीत, असे त्यांनी सुचवले होते. त्या काळात तो विचार दूरदृष्टीचा होता, कारण गावातली सत्ता कागदात होती आणि तो कागद ठरावीक घरांत होता. पुढे सरकारने शिक्षकाकडे कागद भरपूर दिले. मान आणि मोबदला मात्र त्या मापाने दिला नाही.

प्राथमिक शिक्षकाचा मालक तर बदलतच राहिला. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या, 1947 च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळे आली आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा. शहरांत नगरपालिका होत्याच. ठाण्याची महापालिका 1982 मध्ये आणि कल्याण-डोंबिवलीची 1983 मध्ये झाली. मालक कोणीही असो, बदलीचा कागद पुढाऱ्यांच्या हातात राहिला. आचार्य मो. वा. दोंदे यांच्यासारख्यांनी प्राथमिक शिक्षकांना राज्यभर एकत्र आणले, त्यामागे पगाराइतकीच ही बदलीची धास्तीही होती.

खासगी माध्यमिक शाळांतली स्थिती वेगळी आणि जास्त बिकट. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे वस्ती वाढली तशा शिक्षणसंस्था वाढल्या. त्यांतल्या कित्येक ध्येयाने उभ्या राहिल्या, हे खरेच. पण शिक्षकाची नोकरी संस्थाचालकांच्या मर्जीवर टिकायची. जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलमध्ये नारळ, म्हणजे उन्हाळी सुट्टीचा पगार वाचला. जूनमध्ये पुन्हा नवी नेमणूक. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, ही तक्रारही सर्वत्र होती. माध्यमिक शाळा संहिता होती, तिच्यात नियमही चांगले होते, पण ती खात्याची सूचनावली. ती मोडल्याबद्दल शिक्षक थेट न्यायालयात जाऊन नोकरी परत मिळवू शकत नव्हता.

मग 1977 चा डिसेंबर आला. 14 डिसेंबरला राज्य सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषदांचे कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालचा हा संप 54 दिवस चालला. मुख्य मागणी होती केंद्राच्या दराने महागाई भत्त्याची. पगारावर चालणारी हजारो घरे दोन महिने कशी तगली असतील याची कल्पना ज्याने त्याने करावी. फेब्रुवारीत संप मिटला तेव्हा मागणी पदरात पडलेली नव्हती. जुलै 1978 मध्ये आलेल्या शरद पवारांच्या पुलोद सरकारने ती मान्य केली.

याच काळात, मार्च 1978 मध्ये, खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1977 च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो अंमलात यायला 15 जुलै 1981 उजाडले. शिक्षक त्याला आजही नुसते ‘एमईपीएस’ म्हणतात. कायम रिकाम्या जागेवर रीतसर नेमलेला शिक्षक दोन वर्षांच्या परिविक्षेनंतर कायम धरला जाईल, ही त्यातली पहिली मोठी तरतूद. दुसरी शाळा न्यायाधिकरणाची. बडतर्फ झालेला, कामावरून काढलेला किंवा पदावनत केलेला कर्मचारी 30 दिवसांत तिथे अपील करू शकतो आणि न्यायाधिकरण त्याला मागच्या पगारासह पुन्हा कामावर घ्यायला सांगू शकते.

तिसरी गोष्ट नियमांत दडलेली आहे आणि संघटनेचे खरे रोजचे काम तिथेच चालते. शिक्षकावर आरोप ठेवले, तर चौकशी समिती तीन जणांची असते. एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक त्या शिक्षकाने स्वतः निवडलेला, कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी. घाबरलेल्या शिक्षकाला ही तिसरी खुर्ची कोणाला द्यावी हे सुचत नाही. तिथे संघटनेतला एखादा जुना, नियम तोंडपाठ असलेला मुख्याध्यापक किंवा शिक्षक जाऊन बसतो, आरोपपत्र वाचतो, मुदती मोजतो. अशा माणसांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत. वैयक्तिक मान्यता, वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव, वेतन पथकात अडकलेले थकीत बिल यांसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात खेटे घालणारेही हेच.

कायद्याने दिलेली कायम नोकरी पुढे हळूहळू पातळ होत गेली. 2000 पासून शिक्षण सेवक योजना आली: तीन वर्षे मानधनावर काम, मगच वेतनश्रेणी. हे मानधन बराच काळ प्राथमिकला 6,000, माध्यमिकला 8,000 आणि उच्च माध्यमिकला 9,000 रुपये असे अडून होते. 2023 मध्ये ते अनुक्रमे 16,000, 18,000 आणि 20,000 झाले. ठाण्यात किंवा डोंबिवलीत खोली भाड्याने घेऊन 6,000 रुपयांत महिना काढणाऱ्या शिक्षकाकडून उत्तम अध्यापनाची अपेक्षा ठेवणे हा उघड अन्याय होता.

1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नेमलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यातही एक गट जास्त भरडला. नेमणूक त्या तारखेआधीची, पण तेव्हा शाळेला शंभर टक्के अनुदान नव्हते, म्हणून पेन्शन नाकारलेली. शाळेचे अनुदान सरकारच्या हातात आणि त्याच्या उशिराची किंमत शिक्षकाच्या म्हातारपणाने मोजायची! मार्च 2023 मध्ये 14 ते 20 तारखेपर्यंत झालेल्या राज्यव्यापी संपात शिक्षक एवढ्या मोठ्या संख्येने उतरले ते याच रागातून.

कामाच्या तासांचा प्रश्न पगाराहून कमी दिसतो, पण वर्गावर त्याचा परिणाम थेट होतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवड्याला तयारीसह 45 तास ठरवले आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे बजावले. मतदार याद्यांचे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच म्हटले होते. तरीही बीएलओची, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, पिशवी घेऊन दारोदार फिरणारे शिक्षक ठाणे जिल्ह्यात काही अपूर्वाईचे नाहीत.

संघटनांकडे आणखी एक साधन आहे, ते विधान परिषदेचे. घटनेच्या 171 व्या कलमाने तिथल्या एक द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडायच्या. महाराष्ट्रात अशा सात. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण शिक्षक मतदारसंघ होतो. शिक्षक परिषदेचे रामनाथ मोते, शेकापचे बाळाराम पाटील आणि 2023 पासून बदलापूरचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी त्याचे प्रतिनिधित्व केले. मात्र मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. पालिका शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या बाईंना या मतदारसंघात मत नाही. घटनेतली ही फट बुजावी असे प्राथमिक शिक्षक सांगत आले आहेत आणि त्यांचे म्हणणे पूर्ण रास्त आहे.

आज वर्तकनगरच्या आसपास गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत आणि त्यांतली बहुतेक मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जातात. तिथे संघटना क्वचितच पोचते, म्हणून तिथल्या शिक्षकांना आपले हक्क ठाऊकही नसतात. शाळा खासगी आणि मान्यताप्राप्त असेल, तर 1977 चा कायदा साधारणपणे तिथेही लागतो. ग्रॅच्युइटीचेही तसेच. शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातला कर्मचारी नाही असे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती करून ती 3 एप्रिल 1997 पासून लागू केली. खासगी शाळांनी त्या दुरुस्तीला आव्हान दिले आणि 29 ऑगस्ट 2022 रोजी न्यायालयाने ते फेटाळले. त्यामुळे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत सलग पाच वर्षे शिकवलेल्या शिक्षिकेला नोकरी सोडताना दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मागता येतो, आणि 1997 नंतर निवृत्त झालेल्यांनाही.