सगळ्यांनी मिळून जिंकायचे पत्ते

आजच्या गप्पा पत्त्यांच्या आहेत. पत्ते म्हटलं की आपल्याकडे भुवया वर जातात. पुरुष पारावर पत्ते घेऊन बसले तर तो विरंगुळा, आणि बायका बसल्या तर ‘पत्ते कुटत बसल्यात’. शिवाय पत्ते आणि जुगार ही जोडी लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेली. म्हणून आधीच सांगतो, आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत त्यात पैसा लावताच येत नाही. कुणी कुणाकडून जिंकायचा? यात दोन बाजूच नाहीत. जिंकल्या तर सगळ्या जिंकल्या, हरल्या तर सगळ्या हरल्या.

खेळाचं नाव ‘द क्रू’. क्रू म्हणजे जहाजावर किंवा यानात बरोबर काम करणारी मंडळी. थॉमस सिंग यांनी तो रचला आणि जर्मनीतल्या ‘कॉसमॉस’ कंपनीने २०१९ मध्ये बाजारात आणला. जर्मनीत दरवर्षी उत्तम खेळांना बक्षिसं देतात. त्यातलं सरावलेल्या खेळाडूंसाठीचं बक्षीस २०२० साली या खेळाला मिळालं. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा पुण्यात शिकतो. तो सुट्टीत हा डबा घेऊन आला आणि बैठकीनंतर आम्ही त्याच्याकडून शिकून घेतला.

गोष्ट अवकाशातली आहे. आपण यानातल्या चार बायका, आणि सूर्याभोवती नववा ग्रह फिरतोय का ते शोधायला निघालोय. ही निव्वळ कल्पना नाही बरं का. आपण शाळेत नऊ ग्रह पाठ केले होते, पण २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लूटोला त्या यादीतून काढलं. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं, की नेपच्यूनच्या पलीकडच्या काही लहान बर्फाळ गोळ्यांच्या कक्षा एकाच बाजूला झुकल्यासारख्या दिसतात, म्हणजे तिकडे एखादा मोठा ग्रह असावा. दुर्बिणीतून तो अजून कुणी पाहिलेला नाही. खेळाचं बीज तिथलं.

पण पानांचा खेळ मुळात आपल्या ओळखीचा आहे. जिला मेंढीकोट येतो तिला हा अर्धा येतोच. पानं वाटायची, एकीने उतारी करायची, बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं, मोठं पान टाकणारीचा हात. रंग नसेल तर कुठलंही पान, नाहीतर हुकूम. ही रीत फार जुनी आहे. बाबर बादशहाने १५२७ साली सिंधमधल्या ठठ्ठ्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींमध्ये आहे. पुढे आपल्या सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगल्या. लाखकाम केलेली गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. या खेळाची एक रीत आम्हाला फार आवडते. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, आणि रात्री बसलं तर ज्याच्याकडे कृष्णाचा. ‘द क्रू’मध्येही असंच आहे. चार नंबरचं रॉकेट जिच्या हातात येईल ती त्या डावाची कॅप्टन. वय, मान, शिक्षण काही बघायचं नाही. पान आलं की झाली कॅप्टन.

जुन्या खेळांमध्ये हात करायचा तो दुसऱ्यावर मात करायला. मग सगळ्यांनी मिळून जिंकण्याचा विचार आला कुठून? इथे एका बाईची आठवण काढायला हवी. एलिझाबेथ मॅगी. अमेरिकेत लघुलेखनाचं काम करणारी. जमीन काही थोड्या लोकांच्या हातात गेली की भाड्यापायी बाकीचे कसे नागवतात, हे लोकांना दाखवायला तिने एक पटावरचा खेळ तयार केला आणि १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याचे नियम दोन प्रकारचे होते. एका प्रकारात एकजण सगळं गिळतो आणि बाकीचे कंगाल होतात. दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांच्या पदरात काहीतरी पडतं. लोकांनी उचलला तो पहिला प्रकार. पुढे त्याचंच रूप ‘मोनोपॉली’ म्हणून जगभर गेलं. आपल्याकडची पोरं ‘व्यापार’ खेळताना मुंबई-दिल्ली विकत घेतात ना, तो त्याच घराण्यातला. १९३५ मध्ये कंपनीने मॅगीकडून तिचं पेटंट पाचशे डॉलरला घेतलं, आणि खेळ शोधल्याचं नाव झालं चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थांचं. ती १९४८ साली वारली. तिचं नाव पुन्हा लोकांसमोर आलं ते सत्तरच्या दशकात, एका कोर्टकज्जात जुनी कागदपत्रं उकरली गेली तेव्हा. आमच्या मते तिचा दुसरा नियम विसरला गेला, हे तिचं नाव पुसलं जाण्याइतकंच मोठं नुकसान.

पुढे १९७२ मध्ये कॅनडात जिम आणि रूथ डीकोव्ह या नवरा-बायकोने फक्त एकमेकांना मदत करायचे खेळ बनवायला सुरुवात केली. मग २००८ मध्ये मॅट लीकॉक यांचा ‘पॅन्डेमिक’ आला. त्यात सगळ्यांनी मिळून जगातली रोगराई थांबवायची. खूप गाजला. पण अशा खेळांमध्ये एक खोट लोकांच्या लक्षात आली. सगळं उघड बोलता येतं, त्यामुळे जी हुशार किंवा तोंडाने फटकळ, ती सगळ्यांना सांगत सुटते, ‘तू हे कर, तू ते कर’. बाकीच्या नुसत्या हात हलवतात.

मैत्रिणींनो, ही खोट आपल्या बैठकांमध्ये नाही का? बारा जणी बसतात, तिघी बोलतात, बाकीच्या ‘बरोबर आहे’ म्हणून रजिस्टरवर सही करतात. कर्ज कुणाला द्यायचं हे सही होण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून ‘द क्रू’चा सगळ्यात कडक नियम ऐकून आम्ही कान टवकारले. या खेळात आपली पानं कुणाला दाखवायची नाहीत, आणि त्यांच्याबद्दल बोलायचंही नाही. अवकाशात संपर्क तुटक असतो, असं त्याचं कारण सांगितलंय.

आता मांडणी सांगतो. विकतचा डबा हवाच असं नाही, घरातले दोन जुने कॅट चालतात. एका कॅटातून चारही रंगांची एक्क्यापासून नव्वीपर्यंतची पानं घ्या, ती झाली ३६. एक्का इथे सगळ्यात लहान. त्यात चार राजे घाला आणि त्यांच्यावर पेनाने १ ते ४ आकडे लिहा. ही आपली रॉकेटं, म्हणजे कायमचा हुकूम. राजावरचा बदाम-चौकट विसरून जायचं. राजे हा वेगळाच पाचवा रंग, कुठल्याही पानाला मारणारा. राजाची उतारी झाली तर जिच्याकडे राजा आहे तिने राजाच टाकायचा. अशी ४० पानं झाली. पिसून सगळी वाटून टाका, चौघी असाल तर दहा-दहा येतील. तिघी किंवा पाच जणीही खेळू शकतात. गट बाराचा असेल तर तीन घोळके करायचे.

दुसऱ्या कॅटातली एक्का ते नव्वी ही ३६ पानं म्हणजे कामाच्या चिठ्ठ्या. त्या वेगळ्या पिसून पालथ्या ठेवा. पहिल्या मोहिमेला एकच चिठ्ठी उलटायची. पुढे चिठ्ठ्या वाढत जातात, तेव्हा आधी कॅप्टन एक उचलते आणि मग ओळीने बाकीच्या. समजा तुम्ही बदाम सत्ती उचलली. याचा अर्थ, खेळातली बदाम सत्ती ज्या हातात पडेल तो हात तुम्हीच करायचा. दुसरीने केला की मोहीम तिथेच बुडाली. पहिली उतारी कॅप्टनची, नंतर जी हात करेल तिची.

बोलायचं नाही म्हटलं, पण एक खूण करता येते. प्रत्येकीसमोर एक चिंचोका ठेवा. एका मोहिमेत एकदाच, हात सुरू व्हायच्या आधी, आपलं एक पान उघडं मांडून त्यावर चिंचोका ठेवायचा. वरच्या टोकाला ठेवला तर ‘या रंगातलं माझं हे सगळ्यात मोठं’. खालच्या टोकाला ठेवला तर ‘सगळ्यात लहान’. मधोमध ठेवला तर ‘या रंगाचं माझ्याकडे हे एकच’. मधलं-अधलं पान दाखवता येत नाही, राजा तर नाहीच. दाखवलेलं पान आपल्याच हातातलं राहतं, पुढे तेच खेळायचं.

आता गंमत बघा. बदाम सत्तीचं काम तुमचं, पण सत्ती आहे शेजारणीकडे. तुमच्याकडे नव्वी आहे. तुम्ही नव्वी मांडून चिंचोका वर ठेवला. शेजारीण काय ते समजली. तुम्ही नव्वीची उतारी केली, तिने मुकाट सत्ती सोडली, काम फत्ते. याच्या उलट सत्ती तुमच्याच हातात आणि बदामाचं तेवढं एकच पान असेल तर धोका. कुणी सहज बदाम अठ्ठी उतरली की सत्ती टाकावीच लागणार आणि हात जाणार. तेव्हा चिंचोका मधोमध, म्हणजे ‘बायांनो, बदामाला हात लावू नका’.

आमच्या एका ताई बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. त्या खेळायला बसल्या तेव्हा कळलं की कुठल्या रंगाची किती पानं गेली हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि ज्यांना सगळ्यांचं सगळं ठरवायची सवय, त्यांना पहिले चार डाव ओठ दाबून बसावं लागलं. एकीने तर पदर तोंडात धरला होता.

डब्यासोबतच्या वहीत अशा पन्नास मोहिमा आहेत, एकीपेक्षा एक अवघड. पाचवीत यानातली एक जण आजारी पडते. कॅप्टन प्रत्येकीला विचारते, कशी आहेस? उत्तर एवढंच द्यायचं, ‘बरी’ किंवा ‘बरी नाही’. त्यावरून कॅप्टन ठरवते आजारी कोण, आणि तिने त्या डावात एकही हात करायचा नाही. म्हणजे आपल्याकडची मोठी पानं कशी लपवायची आणि तिच्यावर हात कसा येऊ द्यायचा नाही, याची सगळ्यांची कसरत. आमच्यात पहिल्या वेळी चौघीही ‘बरी आहे’ म्हणाल्या, एकीच्या हातात दोन राजे असताना! बाईला बरं नाही म्हणायची सवयच नाही, असं म्हणत आम्ही खूप हसलो. तो डाव गेला. दुसऱ्या वेळी कॅप्टनने विचारल्यावर एक ताई पटकन ‘बरी नाही’ म्हणाल्या आणि त्यांच्यावर एकही हात न येता डाव निघाला.

किती वेळा हरलो हे वहीत लिहायचं असतं, कारण हरलं तर तीच मोहीम पुन्हा. आमचा मुक्काम सध्या अकराव्या मोहिमेवर आहे, दर महिन्याला बैठक आटोपली, हप्ते मोजून पेटी बंद झाली की तासभर. चिंचोके आम्ही पुरवू, कॅट तुमचा तुम्ही आणा.