पाठीवरचा कांदा

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावची बाजार समिती 1947 ची. लिलावानंतर खळ्यावर गोण्यांत भरलेला कांदा हमालाच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढत आला. 1969 च्या माथाडी कायद्याने या श्रमाला भविष्यनिर्वाह निधीची वाट दाखवली. कंबरदुखी मात्र वयाच्या, नशिबाच्या खात्यात राहिली. खरे तर ती ओझ्याची आणि उक्त्या मजुरीची आहे. खाडा म्हणजे रोजी बुडाली, म्हणून माणूस कळ सोसत कामावर जातो. रात्री कूस बदलताना झोप मोडते, उद्याची धास्ती चिडचिड होऊन घरात उतरते. यावर पहिला उपाय म्हणजे गोणीचे वजन कमी करणे. गोणी हलकी केली तर खेपा वाढतील, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रत्येक खेपेचा मणक्यावरचा ताण घटतो, आणि मजुरी वजनावर ठरली तर कमाई टिकते. 1967 मध्येच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. आता उपचाराच्या दिवसांचीही मजुरी मिळायलाच हवी.