संत अंतोनीची भाकर

शीव म्हणजे हद्द. मुंबईचा मुलूख येथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला तो याच हद्दीच्या राखणीसाठी. या हद्दीवर 'अवर लेडी ऑफ गुड कौन्सेल' हे आपले मंदिर उभे आहे, व त्यात संत अंतोनीचे पुण्यस्थान आहे. संताच्या भक्तीचा वार मंगळवार, कारण १२३१ साली १७ जूनच्या मंगळवारी पादुआ नगरात त्याचे दफन झाले. संत अंतोनीच्या नावाने गोरगरिबांस पाव वाटण्याची चाल आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. ती कोठून आली आणि तिच्या मुळाशी काय आहे, याचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे आम्हांस वाटते.

या चालीची एक कथा पादुआची आहे. पाण्यात बुडालेल्या बालकाच्या आईने, मूल जिवंत झाल्यास त्याच्या वजनाइतके धान्य गरिबांस देईन, असा नवस केला आणि मूल उठले. दुसरी हकिकत अलीकडची, १८९० सालची. फ्रान्सातील तूलाँ बंदरी लुईझ बुफिये नावाची एक दुकानदार बाई होती. एके सकाळी दुकानाचे कुलूप काही केल्या उघडेना. तेव्हा तिने संत अंतोनीस गरिबांसाठी भाकर कबूल केली, आणि किल्ली फिरली. तिच्या दुकानातली ही भक्ती पाहता पाहता देशोदेशी पसरली व देवळोदेवळी पेट्या आल्या. दोन्ही कथा गोड आहेत. परंतु नुसत्या याच ऐकल्या तर भाकर ही नवसाची किंमत ठरते आणि गरीब मनुष्य केवळ ती स्वीकारणारा हात होतो. संताने स्वतः गरिबांसाठी काय केले हे पाहू लागलो की निराळेच चित्र दिसते.

संत अंतोनी लिस्बनचा, सुखवस्तू घरातला. १२३१ सालच्या उपवासकाळात तो पादुआत रोज प्रवचन करी, आणि देवळे अपुरी पडू लागल्याने लोक उघड्या मैदानात जमत. पादुआ हे व्यापाराचे शहर होते व तेथे सावकारी माजली होती. कर्ज फिटले नाही तर ऋणको तुरुंगात जाई. त्याचा जामीनदारही जाई. तुरुंगातल्या माणसाला कमाई नाही, आणि कमाईवाचून सुटका नाही! त्याच्या घरी भाकर नेऊन दिली तर त्या दिवसाची चूल पेटे, एवढेच. हे अंतोनीने ओळखले आणि तो थेट नगराच्या कारभाऱ्यांकडे गेला. १५ मार्च १२३१ रोजी पादुआने कायदा केला की, जो आपली मालमत्ता सोडून देईल त्यास पैशाच्या कर्जापायी यापुढे बंदीत टाकू नये. हा नियम बंधू अंतोनीच्या विनंतीवरून झाला, असे त्या कायद्यातच नमूद आहे. त्याच्या सर्वांत जुन्या चरित्रातही सुटलेल्या कैद्यांचा व परत केलेल्या व्याजाचा उल्लेख येतो. यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १३ जूनला, तो वारला. मेलेल्या कृपणाचे काळीज त्याच्या पैशाच्या पेटीत सापडल्याची आख्यायिका पुढे दोनातेल्लो या शिल्पकाराने पादुआच्या वेदीसाठी कांस्यात कोरली. कायद्याचे शिल्प मात्र कोणी घडविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

महाराष्ट्रातील वाचकास हे सर्व परके वाटू नये. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करणे बंद झाले. पादुआनंतर ६४८ वर्षांनी! परळ-लालबागच्या चाळींत गिरणीकामगार रुपयाला दरमहा एक आणा व्याज भरीत असे. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा ७५. जुन्या करारात गरिबाचे जाते गहाण घेण्यास मनाई आहे, कारण जाते गेले की घर उपाशी. मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत अपराधासाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थच ऋण असा होतो.

हे जाणणारे धर्मगुरू आपल्या शेजारी होऊन गेले. वसईजवळ पापडी येथे १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी सहकारी तत्त्वावर एक पेढी उभी केली. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. दान मागण्याचा संकोच ज्यास वाटतो, असा कष्टाळू मनुष्य सभासद म्हणून ताठ मानेने कर्ज मागू शकतो. हा फरक लहान नव्हे.

आता शीवकडे वळू. एका अंगास धारावी, दुसऱ्या अंगास लोकमान्य टिळक रुग्णालय. गावोगावचे नातलग रुग्णापायी तेथे पदपथावर रात्री काढतात. त्यांस पाव देणारे हात आपल्यात आहेत व असावेत. परंतु औषधासाठी दागिना मोडून किंवा चढ्या व्याजाने पैसे काढून आलेला माणूस पाव खाऊनही ऋणको म्हणूनच घरी परततो.

ज्युबिली हा शब्दही आपण थोडा जपून वापरावा. लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जाई. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई आणि दारिद्र्यापायी दास झालेला मनुष्य आपल्या मुलाबाळांसह मोकळा होई. बँडबाजा आणि मेजवानी त्यात कोठे सांगितलेली नाही, जरी आम्ही मेजवानीचे वैरी नाही. आमची सूचना एवढीच की, या वर्षी संत अंतोनीच्या पेटीचा काही भाग धर्मग्रामाने बाजूस ठेवावा, आणि त्यातून एखाद्या कुटुंबाचे, मग ते कोणत्याही धर्माचे असो, व्याजाचे कर्ज मुळासकट फेडून टाकावे. नाव जाहीर करू नये. खर्चाच्या पत्रकात 'संत अंतोनीची भाकर' याच सदराखाली रक्कम लिहावी.